उभ्या गाडीचा हिशेब
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

१५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. तेव्हापासून अनेक ठाण्यांच्या आवारातली जुनी गाडी गेली आणि नवी कुठली घ्यायची हा प्रश्न उभा राहिला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या विषयावर पत्रे आली आहेत. काही नागरिकांची आहेत, काही खात्यातल्या माणसांची. खात्यातल्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या चौकात ११२ ची बोलेरो तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी असते. एसी बंद केला तर आतले पोलीस भाजून निघतील, हे समजते. पण इतके डिझेल जाळण्यापेक्षा विजेची गाडी स्वस्त पडणार नाही का? की ती महागच पडते?
— एक निवृत्त शिक्षक, जळगाव

उत्तर : तुम्ही नेमके उभ्या गाडीवर बोट ठेवले आहे. विजेच्या गाडीचा हिशेब बहुतेक जण किलोमीटरवर मांडतात. टॅक्सीला तो चालतो, गस्तीला चालत नाही. गस्तीची गाडी पळते कमी आणि उभी राहते जास्त, म्हणून आधी उभे राहण्याचे तास मोजायचे.

१२ तासांची एक पाळी धरू. गाडी ९० किलोमीटर फिरली आणि ७ तास एसी लावून उभी राहिली. दीड लिटर इंजिनाची डिझेल गाडी गस्तीच्या चालीत लिटरला १२ किलोमीटर देते, म्हणजे साडेसात लिटर फिरण्यात गेले. एसी लावून उभ्या इंजिनाला तासाला पाऊण ते एक लिटर लागते. ०.८ धरले तर ७ तासांचे ५.६ लिटर. एकूण १३.१ लिटर, ९० रुपये भावाने १,१७९ रुपये.

आता ४५ युनिट बॅटरीची विजेची गाडी घ्या. ९० किलोमीटरला १५ युनिट. उभ्या गाडीत एसीला तासाला सरासरी दीड युनिट, म्हणजे साडेदहा. बत्ती, वायरलेस, टॅब मिळून पाळीला ३. झाले साडेअठ्ठावीस. चार्जिंग होताना बाराएक टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर सुमारे ३२.४ युनिट पडतात. स्थिर आकार धरून युनिटला १० रुपये लावले तर ३२४ रुपये. म्हणजे पाळीमागे ८५५ रुपये वाचले.

हा कडक उन्हाळ्याचा दिवस झाला. हिवाळ्यात आणि रात्री एसी लागत नाही, तेव्हा डिझेल गाडीही इंजिन बंद करून उभी राहते आणि बचत ४७० रुपयांच्या आसपास येते. वर्षात दीडशे दिवस असे आणि दीडशे दिवस तसे धरले तर एका पाळीवर सुमारे दोन लाख वाचतात. खरेदीच्या किमतीत साधारण ५ लाखांचा फरक आणि चार्जर-वायरिंगचा दीड लाख धरा. साडेसहा लाख फिटायला जवळपास सव्वातीन वर्षे लागतात.

आता दुसरी बाजू. एखाद्या लहान ठाण्याची गाडी दिवसाला ४० किलोमीटर फिरते आणि जेमतेम दोन तास चालू अवस्थेत उभी राहते. तिथे दिवसाला सव्वातीनशेच्या आतच वाचतात. वर्षभर उन्हाळ्याचाच भाव लावला तरी बचत ९५ हजारांवर जात नाही आणि पैसे फिटायला सात वर्षे लागतात. अशा ठाण्याला विजेची गाडी द्यायची घाई करू नये. पहिल्या गाड्या जळगाव, भुसावळ, धुळे शहरातल्या चौकांत उभ्या राहणाऱ्या पथकांना द्याव्यात.

एक करविषयक बाब. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर आला, मोठ्या एसयूव्हीवर तो ४० टक्के आहे. त्यामुळे बोलेरोशी तुलना केली तर किमतीतला फरक पूर्वीपेक्षा वाढलेला दिसेल. जुन्या दराने केलेले तक्ते अजून फिरतात, त्यांवर निर्णय घेऊ नका.

प्रश्न : राम राम. मी चालक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सगळ्यांचा एकच प्रश्न आहे, "गाडी उन्हायामा टिकी का?" बॅटरी पेटते असेही ऐकतो.
— चालक हवालदार, भुसावळ

उत्तर : टिकेल, पण गाडी निवडताना दोन गोष्टी कागदावर पाहून घ्यायला सांगा. पहिली, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची म्हणजे एलएफपी असावी. हे रसायन उष्णता जास्त सोसते आणि पेट घेण्याचा धोका त्यात कमी असतो. दुसरी, बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय असावी, रेडिएटरसारखी. नुसत्या वाऱ्यावर थंड होणारी बॅटरी आपल्याकडच्या दुपारला पुरी पडत नाही.

बॅटरीला १५ ते ३५ अंश मानवतात. त्यावर गेली की गाडी स्वतःच कूलिंग चालू करते आणि त्यालाही वीज लागते. दुपारी दोनला हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडी लावली आणि ५० किलोवॉटच्या जागी २० च मिळताना दिसले, तर चार्जर बिघडलेला असेलच असे नाही. बॅटरी तापली म्हणून गाडीनेच ओढ कमी केलेली असते. फास्ट चार्जिंग शक्यतो सकाळी दहाच्या आत उरका.

गस्तीवर निघण्याआधी गाडी चार्जरला लावलेली असतानाच दहा मिनिटे एसी लावून आतला भाग थंड करून घ्या. तापलेली केबिन थंड करायला एसीला सुरुवातीला तासाला तीन युनिटांच्या वेगाने वीज लागते. ती भिंतीतून घेतली तर बॅटरीतून जात नाही. पुढे एसी २४-२५ वर आणि आतलीच हवा फिरती ठेवा. नाकाबंदीत चारही दारे सतत उघडी-बंद होतात, तिथे तासाला दीडऐवजी दोन-सव्वादोन युनिट जातील हे धरून चाला.

तुमच्या भागापुरती आणखी एक सूचना. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तूस हवेत असते. ते पुढच्या जाळीतून आत जाऊन कंडेन्सरवर बसते, वरून धूळ बसते आणि त्याची गोधडी होते. एसीचा कंडेन्सर आणि बॅटरीचा रेडिएटर एकामागे एक असतात, त्यामुळे दोन्ही गुदमरतात. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने ते साफ करा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्त्यासारख्या पातळ पट्ट्या वाकतात.

प्रश्न : आमच्या ठाण्यात चार्जर बसवायचे ठरले आहे. वायरमन म्हणतो, एसीच्या १६ अँपिअरच्या प्लगवरच लावा, चालेल. खरे का? काय काय लागेल?
— ठाणे अंमलदार, साक्री तालुका

उत्तर : चालेल, पण दोन महिन्यांत प्लग जळेल. एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो. गाडी मात्र १५ अँपिअर सलग दहा-दहा तास ओढते. पिन जरा जरी सैल असली तरी तिथे उष्णता साठते, आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग वितळते. शिवाय ३.३ किलोवॉटने ३२ युनिट भरायला दहा तास लागतात, म्हणजे दुसऱ्या पाळीला गाडी मिळतच नाही.

भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्या. तो ३२ अँपिअर ओढतो. मीटरपासून चार्जरपर्यंत अंतर २५ मीटरच्या आत असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते. ठाण्याचे आवार लांब असेल आणि अंतर ५० मीटरपर्यंत जात असेल तर १० ची घ्या. ॲल्युमिनियम वायरची बचत करू नका. चार्जरला स्वतंत्र ४० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) लागतो. आरसीसीबी बाजारात सहज मिळणारा 'टाइप एसी' नको, 'टाइप ए' हवा, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का ते विचारा. ती नसेल तर 'टाइप बी' घ्यावा लागेल. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळा होतो. माणसाला शॉक बसत असतानाही तो पडत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी अर्थिंगच्या असतात. चार्जरला चांगले अर्थिंग मिळाले नाही तर तो लाल दिवा लावून बसतो आणि दोष गाडीचा समजला जातो. साक्रीकडे कुठे मुरूम, कुठे काळी माती. काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, रॉड आणि माती यांच्यात हवा राहते आणि ऑगस्टमध्ये २ ओहम मोजलेला खड्डा १० वर जातो. म्हणून चार्जरसाठी वेगळा खड्डा, तीन मीटरचा तांब्याचे आवरण असलेला रॉड आणि भोवती ओल धरणारे कंपाउंड भरा. मोजणी मेमध्ये करा आणि ५ ओहमच्या आत आणा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतायचे काम कुणाकडे तरी नेमून द्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेजही पाहा. तो वाढला तरी चार्जर नकार देतो.

खेड्यातल्या फीडरवर रात्री व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. तेव्हा ३२ अँपिअरवर जेमतेम पावणेसहा किलोवॉट मिळतात, त्याखाली बरेच चार्जर बंदच पडतात. आठवडाभर रात्री दोन-दोन तासांनी व्होल्टेज लिहून काढा आणि ती वही घेऊन महावितरणच्या उपविभागाकडे जा. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तिचा उपयोग होतो.

चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी दरश्रेणी आहे, स्वतंत्र मीटर घ्या. दुपारच्या सौर तासांत दर कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. संध्याकाळी सहाला पाळी बदलली की लगेच प्लग लावायची सवय महाग पडते. चार्जरवर वेळ लावून ठेवता येते. छत मोकळे असेल तर एक किलोवॉट सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. ८ किलोवॉटमध्ये एका गाडीची एक पाळी भागते. पॅनेल उभारताना खाली गाडी लावता येईल अशा उंचीचा सांगाडा करा, म्हणजे सावलीही मिळेल.

प्रश्न : एमटी (मोटर परिवहन) विभागात मेकॅनिक आहे. प्रात्यक्षिकासाठी आलेली विजेची गाडी रात्री बंदोबस्ताला बत्ती लावून उभी होती. पहाटे मोठी बॅटरी ७८ टक्के दाखवत होती तरी गाडी सुरूच झाली नाही. असे का?
— मेकॅनिक, धुळे

उत्तर : मोठी बॅटरी भरलेली होती, मेली ती छोटी १२ व्होल्टची. विजेच्या गाडीतही दिवे, कुलपे, संगणक आणि बत्ती याच छोट्या बॅटरीवर चालतात. मोठ्या बॅटरीचे दोन मोठे रिले, ज्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात, तेही हीच बॅटरी ओढून धरते. ती उतरली की कॉन्टॅक्टर बसत नाहीत आणि ७८ टक्के वीज आत कुलूपबंद राहते.

तुमच्या गाडीत काय झाले असेल ते आकड्यात पाहा. एलईडी बत्ती ६ अँपिअर, वायरलेस ऐकण्याच्या स्थितीत १, टॅब दीड, कॅमेरा अर्धा. झाले ९. छोटी बॅटरी साधारण ४० अँपिअर-तासांची, त्यातले निम्मे वापरण्याजोगे. सव्वादोन तासांत खेळ संपतो. गाडी 'रेडी' म्हणजे निघायला तयार स्थितीत असेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर हा भाग मोठ्या बॅटरीतून छोटीला सतत भरत राहतो आणि बत्ती रात्रभर चालते. डिझेल गाडीच्या सवयीने किल्ली बंद करून बत्ती चालू ठेवली की हे होते.

उपाय जोडणीतच करा, चालकाच्या आठवणीवर सोडू नका. बत्ती, सायरन आणि टॅबची लाइन एका रिलेतून न्या आणि त्या रिलेला गाडी रेडी असतानाच येणारा १२ व्होल्टचा संकेत द्या. प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज ठेवा. वायरलेस तेवढा थेट बॅटरीवर राहू द्या, पण मध्ये ११.८ व्होल्टला तोडणारा कटऑफ बसवा. काही गाड्या पार्किंगमध्ये थोड्या वेळाने आपोआप रेडीतून बाहेर पडतात. ती सोय बंद करता येते का, हे खरेदीआधी कंपनीकडून लेखी घ्या. गस्तीच्या गाडीसाठी ही अट बॅटरीच्या आकाराइतकीच महत्त्वाची आहे.

बंद पडलेली गाडी उठवायला बाहेरून १२ व्होल्ट द्या, मिनिटभराने रेडी करा आणि तासभर तशीच राहू द्या. उलट काम मात्र करू नका. विजेच्या गाडीवरून डिझेल जीपला स्टार्ट द्यायचा नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, त्यात डीसी-डीसी कन्व्हर्टर जाऊ शकतो आणि तो महाग असतो. मोठ्या बॅटरीची वीज नेणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबलला कुठेही हात लावायचा नाही, तिच्यालगत स्क्रूही मारायचा नाही.

वायरलेसमध्ये घरघर येते अशीही तक्रार येते. ती गाडीची मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरची असते. अँटेना छताच्या मध्यभागी बसवा, बुडाशी रंग खरवडून पत्र्याशी पक्का अर्थ द्या, आणि अँटेनाची केबल नारिंगी केबलपासून हातभर दूर न्या. सेटच्या पॉवर वायरवर फेराइटची कडी लावा. मग स्क्वेल्च (सेटची खरखर दाबणारी सोय) उघडा ठेवून तीनदा ऐका: गाडी बंद असताना, रेडीत एसी लावून, आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून. तिन्ही वेळा आवाज सारखा आला तर काम झाले.

प्रश्न : तोरणमाळला विजेची गाडी चढेल का? आणि धडगाव, मोलगीकडे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तोरणमाळला चढेल. गाडी, पाच माणसे आणि सामान मिळून १,९०० किलो वजन सुमारे हजार मीटर वर न्यायला ५.२ युनिट लागतात, मोटरमधली घट धरून सहा. पन्नास-पंचावन्न किलोमीटर चालण्याचे नऊ युनिट वेगळे. म्हणजे वर पोचेपर्यंत १५ युनिट. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून तीनएक युनिट परत देते. जाऊन-येऊन २०-२१ युनिटांत काम होते आणि ४५ च्या बॅटरीत ते बसते. घाटात मोटरला पहिल्या फिरकीपासून पूर्ण ताकद मिळते, डिझेलसारखे गिअर खाली घ्यावे लागत नाहीत. उतारावर मोटरच गाडी आवरते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. फक्त बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, तेव्हा नेहमीचाच ब्रेक लागतो.

धडगाव-मोलगीला मात्र डिझेलच ठेवा. पावसाळ्यात वादळ झाले की तिकडची वीज दोन-दोन दिवस येत नाही. चार्जर असून गाडी उभी राहील, आणि त्या डोंगरात ठाण्याची एकच गाडी असते. शिवाय विजेच्या काही मॉडेलांत स्टेपनीच येत नाही, पंक्चर किट येते. खडीवर टायरची बाजू फाटली तर किटने काही होत नाही.

प्रश्न : आग्रा रोडवर गाडीचा पाठलाग करावा लागला आणि मध्येच चार्ज संपला तर? जबाबदार कोण?
— पोलीस उपनिरीक्षक, शिरपूर परिसर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. असे घडलेलेही आहे. अमेरिकेतल्या फ्रीमाँट शहराच्या पोलिसांनी २०१९ मध्ये टेस्ला मॉडेल एस गस्तीला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका पाठलागात त्या गाडीत सहा मैलांपुरताच चार्ज उरला आणि पाठलाग दुसऱ्या गाड्यांकडे सोपवावा लागला. पाळीच्या आधी गाडी नेहमीइतकी चार्ज केलेली नव्हती, एवढेच त्याचे कारण होते.

वेग वाढला की वीज झपाट्याने जाते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ने शंभर किलोमीटरला १५ युनिट लागत असतील तर १२० ने २५ च्या जवळ जातात. ४५ युनिटांतले २० टक्के राखून ठेवले तर उरतात ३६. म्हणजे ८० च्या चालीत २४० किलोमीटर आणि १२० ने साधारण १४५. ४५ युनिटांच्या नेक्सॉन ईव्हीच्या पत्रकातला ४८९ किलोमीटरचा आकडा ठरावीक चाचणीतला आहे, तो गस्तीला लावू नका.

नियम साधे ठेवा आणि ते ठाण्याच्या डायरीत लिहा. पाळी बदलताना ७० टक्क्यांच्या खाली गाडी ताब्यात घ्यायची नाही, टक्के आणि किलोमीटर दोन्ही नोंदवायचे. ३५ टक्क्यांवर आली की नियंत्रण कक्षाला कळवून चार्जरकडे वळायचे. ३० च्या खाली असलेली गाडी कक्षाने पाठलागाला पाठवायची नाही. पळासनेरच्या सीमा नाक्याच्या बाजूला रात्री जाणाऱ्या महामार्ग गस्तीला सध्या डिझेलच द्या, शहरातली गाडी विजेची करा.

एलएफपी बॅटरीची एक खोड यात आड येते. तिचा व्होल्टेज २० टक्क्यांपासून ९० पर्यंत जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे संगणकाला टक्के नीट मोजता येत नाहीत. आठवड्यातून एकदा १०० टक्के भरून तासभर प्लगवर ठेवली नाही तर मोजणी चुकत जाते आणि मग १८ दाखवणारी गाडी पाच मिनिटांत ६ वर येते. एरवी ८०-९० पर्यंत भरा, पण आठवड्याचा एक वार पूर्ण चार्जचा ठरवून टाका.

प्रश्न : गिरणा पात्रात रात्री वाळूच्या गाड्या पकडायला जावे लागते. तिथे?
— एक वाचक, भडगाव

उत्तर : तिथे नको. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. पात्रातला एक टोकदार गोटा तिच्या कवचाला लागला तर गाडी चालत असूनही उघडून तपासावी लागते, आणि पत्रा आत दबला असेल तर वॉरंटीवर वाद होतो. समोरच्या दोनच चाकांना ताकद असलेली गाडी ओल्या वाळूत रुतते. चारही चाकांना ताकद देणारी टाटा हॅरियर ईव्ही २०२५ मध्ये आली, पण ती पंचवीस लाखांच्या वर जाते. तेवढ्या पैशांत साध्या डिझेल गाड्या दोन होतात आणि वाळूच्या कारवाईला दोन गाड्याच जास्त उपयोगी.

प्रश्न : जिल्हा नियोजनच्या निधीतून गाड्या विकत घ्याव्यात की महिन्याच्या भाड्याने? भाड्यात फसगत होते असे ऐकतो.
— नगरसेवक, अमळनेर

उत्तर : पहिल्या तीन-चार गाड्या भाड्यानेच घ्या. केंद्राच्या ईईएसएल या ऊर्जा बचतीच्या कंपनीने २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली होती. त्या वेळच्या गाड्यांच्या बॅटऱ्या २० युनिटांच्या आतल्या होत्या. आज त्याच वर्गात ४५ ची मिळते. हे तंत्र इतक्या वेगाने बदलत असताना जुनी गाडी स्वतःच्या गळ्यात अडकवून घेऊ नये. कोलकाता पोलिसांनीही २०२१ मध्ये नेक्सॉन ईव्ही भाडेतत्त्वावर ताफ्यात आणायला सुरुवात केली.

फसगत करारातल्या बारीक अक्षरांत होते. महिन्याला किती किलोमीटर आणि त्यावर किती दर, हे सगळे वाचतात. छताला भोक पाडून बत्ती बसवायची परवानगी आहे का, टायर कुणाचे, बंद पडलेल्या गाडीच्या बदली दुसरी किती तासांत आणि ती बत्ती-वायरलेससह की साधी, हे कुणी वाचत नाही. टायरचे कलम विशेष पाहा. जड वजन आणि जोरदार उचल यांमुळे विजेच्या गाडीचे टायर डिझेलपेक्षा लवकर झिजतात. बॅटरीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी सर्रास सांगितली जाते. त्याहून मोठ्या, आयुष्यभराच्या म्हणून जाहीर होणाऱ्या वॉरंट्या बहुधा खासगी पहिल्या मालकालाच असतात, सरकारी ताफ्याला लागू आहेत का ते लेखी विचारा. आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळेल, तो आकडा करारात असू द्या.

जागेचाही विचार करा. बोलेरोत सात जण, काठ्या, ढाली, हेल्मेट मावतात. नेक्सॉनच्या मापाच्या गाडीत पाच जण आणि डिकीत जेमतेम सामान. आरोपी घेऊन यायचा असेल तर मागे दोन अंमलदारांमध्ये तो बसला की गाडी भरली. दंगल-बंदोबस्ताची गाडी म्हणून ती पुरणार नाही.

प्रश्न : पांझरेला पूर आला आणि विजेची गाडी पाण्यात सापडली तर शॉक बसतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नुसत्या पाण्याने बसत नाही. बहुतेक बॅटऱ्यांचे कवच आयपी ६७ दर्जाचे असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेले, आणि गळती जाणवली की कॉन्टॅक्टर स्वतः सुटतात. पण ती चाचणी नव्या कवचाची असते, गोटे लागलेल्या कवचाची नसते. गाडी पाण्यातून निघाली तर तिला चार्जर लावू नका, रेडी करू नका, आणि पुढची चाके जमिनीवर फरफटत ओढू नका. मोटर फिरून वीज तयार होते. सपाट ट्रॉलीवर घालून वर्कशॉपला न्या आणि तपासून होईपर्यंत इमारतीपासून व इतर गाड्यांपासून १५ मीटर लांब, उघड्यावर उभी करा. मुद्देमालातल्या ई-रिक्षांनाही हेच लागू आहे. त्या ठाण्याच्या भिंतीला टेकवून मेच्या उन्हात ठेवू नका, आणि चार्जरच्या शेडखाली तर मुळीच नाही.